ईसीजी नॉर्मल आला, मग त्रास कशाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळची कल्याण लोकल डोळ्यांसमोर आणा. लेडीज डबा खचाखच भरलेला. कुर्ला गेलं आणि पंचेचाळिशीतल्या एका बाईच्या छातीत एकदम धडधडायला लागलं. घाम फुटला, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपलं काही खरं नाही, असं वाटून ती घाटकोपरला उतरली. कुणीतरी पाणी दिलं, कुणी रिक्षात बसवलं. कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, तो नॉर्मल. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ म्हणून तिला घरी पाठवलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पंधरवड्यानं पुन्हा तेच. मग तिनं गर्दीची गाडी सोडली, नंतर रेल्वेचा पूल टाळायला लागली, आणि आता सोबतीशिवाय घराबाहेर पडत नाही.

अशी माणसं आमच्या दवाखान्यात नेहमी येतात, आणि त्या ‘काही नाही’नं त्यांचं किती नुकसान होतं ते मी पाहतो. छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासायचं, त्यात हयगय नको. पण ईसीजी नॉर्मल आला म्हणजे त्या घडीला हृदयविकाराची खूण दिसली नाही, एवढंच. बाईला झालेला त्रास खरा आहे. त्याचं कारण शोधायचं काम अजून बाकी आहे.

हा शोध शरीरापासूनच सुरू करावा लागतो. मी पेशंटला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगतो, बोटं पसरायला लावतो आणि त्यावर एक साधा कागद ठेवतो. डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर कागदाच्या कडेला लगेच दिसते. त्यासोबत भूक चांगली असूनही वजन उतरत असेल, गरम सहन होत नसेल, तर थायरॉइड ग्रंथीचं काम वाढल्याचा संशय येतो आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी लागते. मग खालची पापणी ओढून बघायची. आतून फिकट दिसली तर रक्त कमी आहे का ते पाहायचं. या वयात पाळीला जास्त जाणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन खूप उतरलेलं असतं आणि जिना चढतानाही धडधडतं. पाळी जाण्याच्या सुमारासही धडधड आणि घाम येतो. मधुमेहाच्या औषधांनी साखर एकदम उतरली, तरी असंच होतं. दम्याचा पंप, स्टिरॉइड, दर तासाला घेतलेला कडक चहा, यांचाही हात असू शकतो. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली किंवा झोपेच्या गोळ्या मनानंच थांबवल्या, तर त्यातून उठणारी घबराट जिवावरही बेतू शकते. म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. मात्र तपासण्या नॉर्मल आल्यावर त्याच त्या पुन्हा करत बसण्यानं भीती हटत नाही, उलट पोसली जाते.

शरीरात कारण सापडलं नाही, की मनाकडे वळायचं, तेही तितक्याच नेटानं. ध्यानीमनी नसताना भीतीचा असा झटका येतो, काही मिनिटांत टोकाला जातो आणि ओसरतो. असे झटके पुन्हा पुन्हा आले आणि निदान महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती राहिली किंवा वागणंच बदललं, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. सततच्या काळजीचा आजार वेगळा. मुलाची फी, नवऱ्याची नोकरी, खोलीचा हप्ता, दाराचं कुलूप, एक काळजी संपली की दुसरी हजर. मान-खांदे आखडलेले, झोप उडालेली, चिडचिड. हे सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस चालत असेल तर निदान त्या दिशेनं जातं. त्याच्या आडून नैराश्यही आलेलं असतं, म्हणून त्याचीही चौकशी व्हायलाच हवी. २६ जुलै २००५ चा पूर किंवा ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट ज्यांनी अंगावर झेलले, त्यांच्यापैकी काहींची घाबरगुंडी तिथपर्यंत मागे जाते. घरातली मारहाणही यामागे असते. नवरा शेजारी बसलेला असताना बाई ते सांगणार नाही. म्हणून मी पेशंटशी थोडा वेळ तरी एकट्यानं बोलतोच, आणि प्रत्येक डॉक्टरनं बोलावं.

मोबाइलवर सततची काळजी किती आहे ते पाहणारी, सात प्रश्नांची जीएडी-७ नावाची चाचणी मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, २१ पैकी गुण देते. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. पण नुसत्या गुणांवरून आजाराचं नाव ठरवू नका आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. जाताना झटका कधी आला, किती वेळ टिकला, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, कोणती औषधं चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्या. आणि जगणंच नको असं मनात येत असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला आत्ता सांगा आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरवा. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी असं बोललं तर त्याला सरळ विचारा, ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

नमस्कार.