लाचेचं घर कोणाचं?

नमस्कार, श्रोतेहो.

कंपनीच्या वह्या तपासताना चोरी दरवेळी आकड्यातच सापडते असं नाही. मला एकदा ती पत्त्यात सापडली. दोन मित्रांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, निम्मे-निम्मे शेअर्स. दर महिनाअखेरीला ‘सल्ला शुल्क’ म्हणून एका फर्मला पैसे जायचे. बिलं चोख, जीएसटीसकट. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात पत्ता होता, आणि तो निघाला एका संचालकाच्या सासऱ्यांचा फ्लॅट. दुसऱ्या संचालकानं वर्षभर त्याच बिलांवर सह्या ठोकल्या होत्या.

हे फसवले गेलेले दुसरे संचालक मला म्हणाले, “साहेब, पोलिसांत जाऊ?”

जा, जरूर जा. विश्वासघाताचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. पण फौजदारी खटल्याचा सगळा रोख माणसाला शिक्षा देण्यावर. तो आत गेला म्हणून कंपनीच्या खात्यात रुपया जमा होतोच असं नाही. त्यासाठी दुसरं दार ठोठवावं लागतं.

कंपनी कायदा २०१३, कलम १६६. संचालकानं स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी गैरवाजवी लाभ उकळला, तर त्या लाभाइतकी रक्कम त्यानं कंपनीला भरायची. लाभाइतकी, बरं का! कंपनीचं नुकसान किती झालं हा हिशेब वेगळा.

आणि त्या पैशातून त्यानं घर घेतलं असेल तर? इथे मला हाँगकाँगच्या चार्ल्स रीडची गोष्ट सांगायलाच हवी. हा सरकारी वकील. काही गुन्हेगारांवरचे खटले अडवण्यासाठी त्यानं लाच खाल्ली आणि तिच्यातून न्यूझीलंडमध्ये तीन मालमत्ता केल्या. पुढे त्यांचे भाव चढले. हाँगकाँग सरकार म्हणालं, घरंच आमची. रीडच्या बाजूनं १८९० चा एक इंग्लिश निकाल होता: लाच घेणारा हा मालकाचा नुसता देणेकरी, लाचेची रक्कम फेडली की सुटला. म्हणजे चढलेला भाव चोराच्या खिशात! १९९३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील न्यायालयानं हे मोडीत काढलं. लाच हातात पडली त्या क्षणी ती मालकाची झाली, आणि तिच्यातून घेतलेलं घरही. भाव चढला तर फायदा मालकाचा, पडला तर खोट त्यानं भरून द्यायची.

गंमत म्हणजे आपल्या १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यात, कलम ८८ मध्ये, हा विचार आधीच आहे. विश्वासाच्या नात्याचा फायदा घेऊन जे कमावलं, ते ज्याचं हित सांभाळायचं होतं त्याच्यासाठीच धरून ठेवायचं. हे कोणाकोणाला लागू, त्या यादीत कंपनीचा संचालक स्पष्ट नावानिशी आहे.

आता अडचण अशी, की फसवणूक झाली कंपनीची, आणि कंपनीच्या वतीनं दावा लावायचा तर ठराव संचालक मंडळानं करायचा. चोर तिथेच चहा पीत बसलेला! म्हणून भागधारकाला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात थेट जाता येतं. त्याच्याकडे १० टक्के शेअर्स असले की पुरतं. आमच्या गृहस्थांकडे निम्मे होते. न्यायाधिकरण संचालकाकडून गैरलाभ वसूल करण्याचा आदेश देऊ शकतं, अंतरिम आदेशही देतं. माझा सल्ला विचाराल तर पहिली मागणी तीच: पैसा ज्या मालमत्तेत गेलाय ती विकू देऊ नका. विकली गेली की माग काढता काढता दमछाक होते.

“मुदत किती?” त्यांनी विचारलं. साधारण तीन वर्षं. फसवणूक लपवलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळली असती तेव्हापासून. समोरचा वकील म्हणणारच, सह्या तुमच्याच होत्या ना?

ते गप्प झाले. मग खिशातून पेन काढून आजची तारीख त्या बिलाच्या मागे लिहायला लागले. मी हात धरला. म्हटलं, तिथे नको, तो पुरावा आहे. वेगळा कागद घ्या.