जुनं इंजिन सुरू करणारे हात

मित्रहो, दक्षिण जर्मनीतल्या एका खेड्यात जुन्या ट्रॅक्टरांचं आणि शेतीयंत्रांचं संग्रहालय पाहून आलो. १९१७ साली आलेला फोर्डसन ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, घोड्यांनी ओढायची कापणीयंत्रं, सगळं रांगेनं मांडलेलं होतं. फोटोतही ते दिसलं असतं. पण दुपारी तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं लांझ बुलडॉग हा जुना ट्रॅक्टर सुरू करून दाखवला. आज मी मुख्यतः जुनी यंत्रं चालवणाऱ्या अशा हातांबद्दलच बोलणार आहे.

लांझ ही मानहाइमची कंपनी. तिचा पहिला बुलडॉग १९२१ साली आला, १२ हॉर्सपॉवरचा. एकच सिलिंडर, तोही आडवा, आणि त्याच्या तोंडाशी एक पोकळ लोखंडी गोळा. स्पार्क प्लग नाहीच. त्या शेतकरी आजोबांनी ब्लोलॅम्प पेटवला आणि तो गोळा चांगला तापेपर्यंत ज्योत त्याच्यावर धरली. घाई अजिबात नाही. मग स्टीअरिंग त्याच्या दांड्यासकट उपसून काढलं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात खोचलं आणि पाळणा हलवावा तसं मागेपुढे हलवू लागले. पिस्टननं हवा दाबली, तापल्या गोळ्यात तेलाचा फवारा पडला, पहिला ठोका बसला. त्याच क्षणी स्टीअरिंग बाहेर खेचायचं! उशीर झाला तर हातालाच इजा. सुरुवातीच्या मॉडेलला रिव्हर्स गिअरही नव्हता. इंजिन विझायच्या बेताला आणायचं आणि नेमक्या वेळी तेल द्यायचं, की ते उलटं फिरायला लागायचं. ही नेमकी वेळ कुठल्याही पाटीवर लिहून दाखवता येणार नाही.

१९५६ साली जॉन डिअरनं लांझ विकत घेतली. त्याच जॉन डिअरचे ट्रॅक्टर आज आपल्या पुणे-नगर रस्त्यावर, सणसवाडीत तयार होतात. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

आता आपल्याकडे या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात पुण्यात झाली आणि खडकीच्या कारखान्यातली इंजिनं गावोगावच्या विहिरींवर बसली. मोट थांबली, ऊस वाढला. त्याच इंजिनाला पट्टा लावून कुठे कडबाकुट्टी चालली, कुठे गिरणी. त्यांतली किती तरी इंजिनं आज किलोच्या भावानं भंगारात जातात. मला याचं मनापासून दुःख होतं.

ही इंजिनं हँडल मारून सुरू व्हायची. आधी डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चाक हलकं फिरतं. फ्लायव्हीलनं वेग घेतला की लिव्हर सोडायचा. हवा दाबली जाऊन तापते, डिझेल पेटतं. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. कारण इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. गावात हे वडील मुलाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. इंजिन काचेमागे ठेवून दिलं तर हा अंगठा कुठे ठेवणार आपण?

यंत्राच्या आधीच्या अवजारांचंही तेच. पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, भिंतीला टेकवून ठेवता येते. पण चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर मूठ धरणारा माणूस चालता चालता दाणे असे सोडायचा, की प्रत्येक नळ्यातून सारखं बी पडावं. बैलांची चाल बदलली की मुठीची ढील बदलायची. पुढे ट्रॅक्टरमागची पेरणीयंत्रं आली, त्यांना खाचांच्या चकत्या बसवल्या, त्या याच मुठीचं काम करतात. पाभर आणि पेरणीयंत्र शेजारी ठेवून, दोन्ही चालवून दाखवलं, तर शाळेतल्या पोराला ते क्षणात कळेल.

पुण्याला संग्रह करणं शिकवायची गरज नाही. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, घरगुती भांडी एकेक करून गोळा केली आणि त्यातून राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. शेतीयंत्रांना मात्र घरातली खोली पुरत नाही. शेड हवी, ओढून आणायला ट्रक हवा, सुट्टे भाग घडवणारा लेथवाला हवा. शेड आणि ट्रक पैशानं मिळतील. लेथवाले भोसरीत आहेत. म्हातारी माणसं मात्र वाट पाहत थांबणार नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायला हवी.

तेव्हा जुन्नर, शिरूर, दौंड, इंदापूरकडचे जे कोणी इथे आहेत, त्यांनी एवढं करावं. गावात जुनं इंजिन किंवा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या पितळी पट्टीचा फोटो घ्या, नंबर आणि हॉर्सपॉवर वाचता येईल असा. मग ते चालवणाऱ्याकडे जा. सुरू होत असेल तर त्यांच्याच हातानं सुरू करायला सांगा, मोबाइल त्यांच्या हातांवर धरा आणि मध्ये बोलू नका. सुरू होत नसेल तर कशानं बंद पडलं तेवढं विचारून घ्या. दाराशी वही ठेवली आहे, जाताना गावाचं नाव लिहून जा.