मेणावरचे चार हजार आवाज

नमस्कार मंडळी. आज एका लाइव्ह रेकॉर्डिंगबद्दल बोलायचंय. आधीच सांगून ठेवतो, मी हे पहिल्यांदा लावलं तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, नळ चालू राहिलाय का बघा जरा!" एवढी खरखर आहे त्यात.

तारीख 29 जून 1888. लंडनचा क्रिस्टल पॅलेस म्हणजे काच आणि लोखंडाचं अवाढव्य प्रकरण, तिथे हँडल फेस्टिव्हल, म्हणजे अठराव्या शतकातल्या हँडल या संगीतकाराच्या संगीताचा उत्सव चाललेला, कंडक्टर ऑगस्ट मान्स, गाणारे जवळजवळ चार हजार, आणि ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय नुसती गाऊन सांगितलेली मोठी गोष्ट, 'इझ्राएल इन इजिप्त', बायबलमधल्या इजिप्तवर आलेल्या बेडूक, गारा अशा संकटांची. एडिसनचा तिथला एजंट कर्नल गुरो, त्यानं प्रेस गॅलरीत फोनोग्राफ मांडला, गाणाऱ्यांपासून शंभरेक यार्ड लांब! माइक नाही, अँप्लिफायर नाही, नुसता कर्णा आणि मेणाचा सिलिंडर.

आता याला मार्क कसे द्यायचे? शब्द कळत नाहीत. हँडलनं या ऑरेटोरिओत बेडकांसाठी व्हायोलिनला उड्या मारायला लावलंय, गारांचा कोरस तर अंगावर येतो, त्यातलं काहीच इथे नाही, आहे तो 'मोझेस अँड द चिल्ड्रन ऑफ इझ्राएल' या कोरसचा तुकडा. लय भयंकर संथ वाटते, पण सिलिंडर नेमका किती स्पीडनं फिरवायचा यावरही ते ठरतं, म्हणून मान्ससाहेबांना लगेच नावं ठेवू नका. शिवाय आरतीला मांडव भरला की मागची रांग अर्धी मात्रा मागे राहतेच ना, मग चार हजार माणसं पळवणार कशी? हँडलच्या स्वतःच्या काळात कोरस फार तर पंचवीस-तीस जणांचा असायचा, त्यामुळे हा सगळा थाट व्हिक्टोरियन हौसेचा, मला स्वतःला छोटा कोरसच आवडतो.

तरी एक गोष्ट मला इथे मिळते. हल्ली कव्हरवर लाइव्ह लिहिलेलं असलं तरी बरेचदा दोन-तीन रात्रींचे बरे तुकडे जोडलेले असतात, खोकला पुसलेला, चुकलेली एंट्री बदललेली. इथे जोड देणारच कसा? आणि खरखरीच्या मागून कोरस चढतो ना, तेव्हा गाण्याआधी तो हॉलच ऐकू येतो, लांबून लाट यावी तसा. ती इमारत 1936 साली जळून गेली.

लावतो आता. आवाज थोडा मोठा करा, आणि नळ बंद आहे ना तेवढं बघून या.