खिशातल्या चाकूवरचं साल

नमस्कार मंडळी. आज जुन्या मिलिटरी चाकूंबद्दल बोलायचंय. आपल्या नाशिकला देवळाली कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी, एवढा जवळ, त्यामुळे कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत असा एखादा निघतोच.

आमच्या देवळालीच्या आत्याकडे होता, किचनच्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याशेजारी. काळी मूठ, मुठीवर बारीक चौकड्या, टोकाला दोरी बांधायची कडी, एक पातं, एक डबा फोडायचं, आणि पाठीला दाभणासारखा जाड सुळका. तो सुळका खरं तर दोरखंडाच्या गाठी सोडवायला असतो पण आत्या त्याने नारळाचा डोळा फोडायची. आजोबा कॅम्पात शिवणकाम करायचे, एका गोऱ्या सोल्जरने जाताना त्यांना दिला, आणि चाकू पहिल्या महायुद्धातला, असं घरात सगळे सांगायचे. मी पण शाळेत तेच सांगितलेलं.

गेल्या दिवाळीत म्हटलं आत्या, जरा बघू दे. पातं गंजून जाम झालेलं. सांध्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले, रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या बनियनच्या चिंधीने हळूहळू पुसत गेलो. पात्याच्या बुडाशी आधी शेफील्ड (इंग्लंडातलं चाकू-सुऱ्यांचं शहर) दिसलं, मग कावळ्याच्या पायासारखा बाण, आणि बाणाखाली १९४२. माझा तर श्वासच अडकला! आत्या म्हणाली, म्हणजे अप्पा खोटं बोलायचे का रे? मी म्हटलं नाही गं, चाकू सोल्जरनेच दिला असणार, फक्त लढाई दुसरी. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, तरीच, पहिल्या लढाईत अप्पांना दुधाचे दात तरी होते का!

तेवढ्यात आतेभाऊ बफिंगचं मशीन घेऊन आला, म्हणे चकाचक करून देतो. मी त्याचा हातच धरला. मंडळी, घासू नका. पॉलिश पेपर नको, चिंच नको, मशीन तर नकोच. दोन मिनिटांत अक्षरं जातात आणि साल गेलं की गेलं.

बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. पूर्ण लोखंडी चाकूवर यू.एस. कोरलेलं असलं तर अमेरिकन, त्याचं साल बऱ्याचदा पात्याच्या बुडाशीच. स्विस सैनिकांचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू १९६१ पासून २००८ पर्यंत निघाला, त्याच्यावर सालाचे शेवटचे दोनच आकडे असतात, म्हणजे ६५ दिसलं तर १९६५, सिरियल नंबर नव्हे. आणि एक सांगतो, हे साल चाकू बनल्याचं. तो कुठल्या लढाईत गेला, कोणाच्या खिशात होता, हे लोखंड सांगत नाही, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि आजच विचारा.

आत्याच्या चाकूला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय. आजोबांचं नाव, देवळाली कॅम्प, १९४२. नारळाला तिने आता खिळा-हातोडी काढलीय.