निरोपाआधी अहवालाविषयी

प्रिय बंधुभगिनींनो, परदेशातील आपला हा सेवादौरा आज संपत आहे. परतल्यावर आपल्या मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, अहवाल ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून त्यात काय असावे आणि काय नसावे, याविषयी निघण्यापूर्वी तुमच्याशी बोलायचे आहे.

अहवाल देण्याची ही रीत प्रेषितांच्या काळापासूनची आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 14व्या अध्यायाच्या अखेरीस प्रेषित पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा सूरियातील अंत्युखियास परततात, मंडळी जमवतात आणि देवाने काय केले व परराष्ट्रीयांसाठी, म्हणजे यहुदी नसलेल्यांसाठी, विश्वासाचे दार कसे उघडले, हे सांगतात. किती प्रवचने झाली, विश्वास ठेवतो म्हणून किती हात वर झाले, याचा हिशेब तेथे नाही. आपल्याला मात्र त्याचीच फार हौस असते.

पण त्याआधीचा परतीचा प्रवास मला अधिक बोलका वाटतो. लुस्त्र येथे लोकांनी पौलाला दगडमार केला आणि तो मेला असे समजून त्याला नगराबाहेर ओढून टाकले. दुसऱ्या दिवशी तो दर्बेला गेला. तेथून पूर्वेकडे किलिकियाची वाट धरली असती, तर त्याचे स्वतःचे तार्स नगर वाटेवरच होते. तरीही ते दोघे उलटे फिरले आणि ज्या लुस्त्र, इकुन्य व पिसिदियातील अंत्युखिया या नगरांनी त्यांना छळले होते, तेथेच पुन्हा गेले, कारण नव्या शिष्यांची मने स्थिर करायची होती आणि प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नेमून, उपास व प्रार्थना करून, त्यांना प्रभूच्या हाती सोपवायचे होते. हे वडील बाहेरून आणून बसवल्याचा उल्लेख नाही. नुकताच विश्वास ठेवलेल्या माणसांवर पौलाने मंडळी सोपवली आणि तो निघाला. एवढा विश्वास टाकणे आजच्या कोणत्याही मिशन समितीला जड जाईल.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रूफस अँडरसन या मिशन संस्थांच्या चिटणीसांनी हेच सूत्र मांडले होते: स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च उचलावा आणि स्वतःच सुवार्ता पसरवावी. सूत्र मान्य झाले, पण अनेक ठिकाणी सूत्रे परदेशी हातांतच राहिली. म्हणूनच 1910 च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय धर्मसेवक व्ही. एस. अझरया यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाचा गौरव करूनही, आम्हाला मित्र द्या, अशी मागणी केली. पुढे 1912 मध्ये ते आजच्या तेलंगणातील दोर्नाकलचे बिशप झाले. त्यांचे ते भाषण अनेकांना झोंबले होते, आणि आपण थोड्या दिवसांचे पाहुणे असलो तरी ते आपल्यालाही लागू आहे, असे माझे मत आहे.

म्हणून अहवालात येथील वडीलजनांचे काम आधी येईल. आपण रंगवलेल्या भिंती शेवटी, जागा उरली तर. आई-वडिलांच्या परवानगीवाचून एकाही मुलाचे छायाचित्र पडद्यावर दाखवले जाणार नाही. कोणी वैयक्तिकरीत्या पैसे पाठवण्याचे वचन दिले असेल, तर ते वडीलजनांना आजच सांगावे, म्हणजे मदत त्यांच्या हातून आणि त्यांच्या हिशेबात जाईल. पुढच्या वर्षीचा दौराही आपण ठरवणार नाही. आमंत्रण येथील मंडळीकडून आले तरच जाऊ, आणि त्यांनी केवळ हिशेब शिकवणारे दोघे मागितले, तर दोघेच जातील.