ऐरोलीच्या किचनमधली बिनसाखरेची चॉकलेट वडी

(कढईत शेंगदाणे. उलथन्याचा आवाज.)

शेंगदाणे मंद आचेवरच भाजायचे, गॅस मोठा केला की वरून डाग पडतात आणि आतून कच्चे राहतात, हे चिक्की करणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असतं. पण आज इथे चिक्की होणार नाहीये. हे किचन ऐरोलीचं आहे, आणि कढईपाशी उभ्या आहेत त्या आमच्या शेजारच्या काकू. काकूंना बरीच वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, आणि जेवण झालं की तोंडात काहीतरी गोड पडायलाच हवं ही सवय काही जात नाही. घरोघरी हेच आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडियाब नावाचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात देशात १० कोटींपेक्षा जास्त लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज दिलाय, आणि १३ कोटींच्या वर लोक अगदी उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना नुसतं गोड बंद करा सांगून कसं भागेल, मग खायचं काय हे पण सांगायला पाहिजे, आणि ते आपल्याच गॅसवर करता आलं पाहिजे.

आता चिक्कीचंच बघा. लोणावळ्याची घ्या नाहीतर घरची, जवळपास दाण्याइतका गूळ असतोच. आणि तो गूळ फक्त गोडीसाठी नसतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकला, टणक गोळी झाली, की तोच पाक गार होऊन सगळे दाणे धरून ठेवतो. गूळ काढून टाकला तर गोडी जाते ती जातेच पण वडीच होत नाही, नुसते सुटे दाणे. म्हणून लो कार्ब, म्हणजे साखर-स्टार्च कमी असलेली मिठाई करताना लोक गोडाला काय घालू इथून सुरुवात करतात तिथेच गडबड होते, आधी ठरवायचं ते धरून काय ठेवायचं. चॉकलेटमध्ये ते काम फॅट करतं. कुठलं फॅट, यावर सगळं अवलंबून आहे.

(खोबरेल तेलाची बाटली, खिडकीत.)

नेटवरच्या बऱ्याच रेसिपीत कोको पावडर आणि खोबरेल तेल असतं. तिकडे थंड देशात ठीक आहे. खोबरेल तेल साधारण २४-२५ डिग्रीला वितळतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या काही सकाळी सोडल्या तर बाटलीतलं तेल कायम पातळच असतं, तुम्ही रोज बघता. त्या तेलाची वडी फ्रीजमधून काढून हॉलपर्यंत नेली की बोटांना लागायला लागते. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बीमधलं फॅट, वितळतं ३४ डिग्रीच्या आसपास, म्हणजे टेबलावर घट्ट राहणार आणि तोंडातल्या ३७ डिग्रीला विरघळणार, चॉकलेटची सगळी मजा या तीन डिग्रीतच आहे. आपल्या हवेत कोको बटरच घ्यायचं, माझं यावर अगदी ठाम मत आहे, महाग आहे तरी.

आणि महाग का, तर जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, तिथलं पीक खराब झालं आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्याही वर गेला. त्याची झळ नवी मुंबईतल्या बेकिंगच्या दुकानापर्यंत आली. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्रात नारळ-सुपारीच्या बागेत कोको लावतात, पण तेवढ्याने भागत नाही.

कोको पावडर आणि कोको बटर ही मुळात एकाच बीची दोन अंगं. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांच्या प्रेसने बीमधलं फॅट दाबून बाहेर काढलं, उरली ती पेंड दळून पावडर. मग १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या फ्राय कंपनीने तेच फॅट साखरेसकट परत त्यात मिसळलं आणि खायची चॉकलेटची वडी तयार झाली. काकू आज तेच करणार आहेत, फक्त साखर गाळून.

(तुर्भे. एपीएमसी मसाला मार्केट. हमाल, पोती, हातगाड्या.)

ऐरोलीहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची आणि तुर्भ्याला उतरायचं. एपीएमसीचं मसाला मार्केट नावाला मसाल्याचं, पण सुकामेव्याचे गाळे एकाला लागून एक. होलसेल असलं तरी काही गाळ्यांवर अर्धा किलो पण देतात, विचारायला लाजायचं नाही. काकू अक्रोडाचा एक तुकडा चावून बघतात, मग दुसऱ्या पोत्यातला, आणि मान हलवून पुढच्या गाळ्यावर जातात. अक्रोडात तेल जास्त त्यामुळे तो लवकर खवट होतो, आणि एक खवट तुकडा अख्ख्या घाण्याची चव घालवतो. अख्खी गिरी घ्यायची गरज नाही, तुकडा घ्या, स्वस्त पडतो, नाहीतरी कापायचाच आहे.

कुठला मेवा घ्यायचा याचं पण गणित आहे. फायबरने रक्तातली साखर वाढत नाही, म्हणून कार्बमधून ते वजा करून बघायचं. १०० ग्रॅम बदामात कार्ब २१-२२ ग्रॅम पण त्यातला १२ ग्रॅमच्या वर फायबर, अक्रोडात १४ मधला जवळपास ७ फायबर, शेंगदाण्यात १६ मधला निम्मा फायबर. काजूचं मात्र उलटं आहे, कार्ब ३० ग्रॅम आणि फायबर जेमतेम ३. आपल्या कोकणी माणसाला हे ऐकायला जड जातं, पण या वडीत काजू नको, घातला तरी वरून शोभेला एखादा. आणि शेंगदाण्याला कमी लेखू नका, बदामाच्या बाजूला तो आकड्यांत कुठेही मागे नाही, खिशाला परवडतो, आणि भाजल्यावर चॉकलेटशी त्याचं जे जमतं ते बदामाचं जमत नाही.

(बरण्या, पाकिटं, मागचं लेबल जवळून.)

आता गोडी. खजूर, मध, गूळ यांनी केलेल्या वड्या शुगर फ्री म्हणून सर्रास दिल्या जातात, देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, पण खजुरात १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या आसपास कार्ब आहेत आणि मधात ८० च्या वर, शुगर असलेल्या माणसाला ते साखरेसारखंच लागू पडतं. दुकानातल्या नो अ‍ॅडेड शुगर चॉकलेटच्या मागे बघा, बऱ्याचदा माल्टिटॉल लिहिलेलं असतं, साखरेऐवजी गोडीला घालतात ते. ते रक्तातली साखर थोडी वाढवतंच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. काकू साखरेऐवजी एरिथ्रिटॉल नावाची पावडर वापरतात, साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, आणि रक्तातल्या साखरेवर जवळजवळ काही परिणाम नाही. ते फॅटमध्ये विरघळत नाही म्हणून मिक्सरवर अगदी पिठीसाखरेसारखं दळून घ्यायचं, नाहीतर दाताखाली कचकच येते. जिभेवर थोडं गारगार लागतं, चिमूटभर मीठ आणि जायफळ घातलं की तो गारवा झाकला जातो. ज्यांना हार्टचा त्रास आहे त्यांनी मात्र हे ऐका, २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त सापडलं त्यांच्यात हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. यामुळेच ते झालं असं सिद्ध झालेलं नाही, पण डॉक्टरांना विचारून घ्या आणि रोज मूठभर खाऊ नका.

(ओटा. पातेलं, त्यावर काचेचं बाऊल.)

चला, करायला घेऊ. कोको बटर १०० ग्रॅम, खायच्या दर्जाचंच, कारण लोशन-साबणासाठी पण ते विकतात, तर पाकीट नीट बघून घ्या. बिनसाखरेची कोको पावडर ५० ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल ४० ग्रॅम, मीठ, जायफळ, आणि मेवा सगळा मिळून १५० ग्रॅम, काकूंनी ७५ बदाम, ५० शेंगदाणे आणि २५ भोपळ्याच्या बिया घेतल्यात. दाणे भाजून, चोळून, सुपात पाखडून सालं उडवली आणि पूर्ण गार केले. पावसाळ्यात मेवा सादळतो म्हणून आधी भाजायचंच, सादळलेला दाणा चॉकलेटमध्ये घातला तर कुरकुरीतपणा विसरा.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बारीक, वर कोरडं बाऊल, बाऊलचा तळ पाण्याला टेकता कामा नये. कोरडं म्हणजे खरंच कोरडं, चमचा पण पुसून घ्यायचा, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब जरी पडले तरी ते एकदम घट्ट गोळा होतं. स्टीव्हियाचे, म्हणजे त्या गोड पानांच्या अर्काचे, पातळ ड्रॉप्स म्हणूनच चालत नाहीत, घालायचाच तर पावडर घाला.

कोको बटरचा पाऊण भाग बाऊलमध्ये, पाव भाग बारीक किसून बाजूला. वितळलं की पावडर आणि एरिथ्रिटॉल चाळून घालायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मग बाऊल खाली उतरवून थोडं निवू द्यायचं आणि तो किसलेला पाव भाग घालून ढवळत राहायचं. हे का, तर कोको बटर गोठताना सहा प्रकारचे स्फटिक करू शकतं, त्यातला एकच असा की वडी चकचकीत होते आणि मोडताना कट्‌कन आवाज येतो, आणि तो प्रकार त्या किसलेल्या घट्ट बटरमध्ये आधीच असतो, बाकीचं त्याच्या मागे जातं. थर्मामीटर असेल तर ३१-३२ डिग्रीला ओतायचं. काकूंकडे थर्मामीटर नाही. त्या चमच्याच्या टोकाचा थेंब खालच्या ओठाला लावतात, किंचित गार लागला की झालं, गरम लागला तर अजून ढवळ. "घाई केलीस तर उद्या पांढरी पडेल बघ," मला म्हणाल्या. पांढरी पडली तरी बिघडलेली नसते, फॅट वर येतं एवढंच, पण दिसायला काही बरं दिसत नाही.

मेवा घालून ढवळायचं, बटर पेपर लावलेल्या ताटात पसरायचं, ताट दोनदा ओट्यावर आपटायचं म्हणजे हवेचे बुडबुडे जातात, आणि पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग सुरीने वीस वड्या.

(वडी मोडताना, जवळून.)

एका वडीत एरिथ्रिटॉल सोडून फायबर वजा केलेले कार्ब होतात साधारण सव्वा ग्रॅम. तेवढ्याच आकाराच्या चिक्कीत नुसता गूळच आठ-दहा ग्रॅम जातो. पण कॅलरी मात्र वडीला नव्वदच्या वर, कारण सगळं फॅट आणि मेवा, तेव्हा लो कार्ब आहे म्हणून चार वड्या असं चालणार नाही, जेवणानंतर एक, फार तर दोन. काकू नवीन काही खाल्लं की दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून वहीत लिहितात, आणि खरं सांगू का, दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा स्वतःची वही बरी, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

आणि एक फार महत्त्वाचं. इन्शुलिन किंवा गोळ्यांमुळे शुगर अचानक लो झाली, घाम फुटला, हात थरथरले, तर ही वडी उपयोगाची नाही. तिथे साखर किंवा ग्लुकोजच द्यायचं, लगेच. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं, मुलांना पण.

ठेवायचं कसं, तर घट्ट झाकणाच्या डब्यात, एप्रिल ते ऑक्टोबर फ्रीजमध्येच. खायच्या आधी डबा बाहेर काढून बंदच ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटांनी उघडायचा, नाहीतर आपल्या दमट हवेत गार वडीवर लगेच पाणी धरतं आणि वरचा थर चिकट होतो. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, आणि गोडीला झायलिटॉल वापरलेलं असेल तर तो धोका अजून मोठा.

संक्रांतीला काकू याच मिश्रणात भाजलेले तीळ घालणार आहेत, बदाम निम्मेच घेऊन. तिळात फायबर चांगलंय आणि भाजल्यावर वास काय सुटतो ते सांगायला नको. तीळ मिश्रण थोडं घट्टसर व्हायला लागलं की मगच घालायचा.