बंदीचा हुकूम आणि ब्रजराजनगरचे तेरा कामगार

श्रोतेहो, नमस्कार.

कोळसा खाणीत ठेकेदारामार्फत माणसे लावायला सरकारने बंदी घातली, म्हणजे ती माणसे आपोआप खाणीच्या नोकरीत कायम झाली, असा समज आपल्या चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यापासून ओडिशापर्यंत सगळीकडे आढळतो. हा समज कामगारांना फार महागात पडतो.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमाखाली सरकार अशी बंदी घालू शकत असे; 2025 मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मात्र त्याआधी सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागे आणि ते काम बारमाही आहे का, एरवी कायम कामगारच ते करतात का, हे तपासावे लागे. याच कलमाखाली 1 फेब्रुवारी 1975 रोजी कोळसा काढणे, तो भरणे-उतरवणे, कोळशावरचा माती-दगडाचा थर हटवणे अशा कामांत कंत्राटी मजुरांवर बंदी आली. अशा हुकमांविरुद्ध न्यायालयात जाणारे मालक बहुधा या तपासणीवरच बोट ठेवत. 30 ऑगस्ट 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, आस्थापनांचा वेगवेगळा विचार न करता सरसकट काढलेली साफसफाई व पहाऱ्याच्या कामांवरील 1976 ची बंदी रद्द ठरवली आणि बंदीमुळे कामगार आपोआप मालकाचा होत नाही, असेही सांगितले. पुन्हा सांगतो: बंदीने कंत्राट संपते, नोकरी मिळत नाही. नोकरीसाठी कंत्राट केवळ देखाव्याचे होते, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे, म्हणजे कामगार-मालक वाद निवडणाऱ्या मंचापुढे, सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करायला कागद लागतो. म्हणूनच हजेरीपट आणि वेतनचिठ्ठी कामगाराला वाचता येईल अशा भाषेतच मिळाली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो.

आता ओडिशातील ब्रजराजनगरची हकिकत ऐका. महानदी कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या तेथील खाणीत दळलेल्या कोळशाच्या वाहतुकीचे काम 1984 ते 1994 या काळात एका ठेकेदाराकडे होते आणि त्याच्याकडे 32 कामगार होते. बारमाही कामावर कंत्राटी मजूर लावायचे नाहीत, हे कोळसा कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यातील राष्ट्रीय कोळसा वेतन करारातच लिहिलेले असल्यामुळे संघटनेने या कामगारांना कायम करण्याची मागणी लावून धरली. तडजोड झाली, 19 जण कायम झाले आणि 13 जण वगळले गेले. हे तेरा जण रेल्वे सायडिंगवर, म्हणजे मालगाड्या उभ्या राहतात त्या बाजूच्या रुळांवर, आणि टिपलखाली, म्हणजे कोळसा ओतण्याच्या मचाणाखाली, सांडलेला कोळसा उचलत, कोळसा खाली सोडणारे शूट चालवत. त्यांचे काम प्रासंगिक आहे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. पण कोळसा वाहून नेला जातो तेथे तो सांडतोच, आणि उचलला नाही तर गाड्या भरणेच अडते. मग ते काम प्रासंगिक कसे? न्यायाधिकरणाने 2002 मध्ये तेराही जणांच्या बाजूने निवाडा दिला. तडजोड झाली असताना हा वाद पुन्हा उकरता येणार नाही, असे म्हणत कंपनी उच्च न्यायालयात गेली. तेथे 2017 मध्ये हरली आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. 12 मार्च 2024 रोजी न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती मेहता यांनी, एकोणीस आणि तेरा यांच्या कामात फरक नाही, असे म्हणून कंपनीचे अपील फेटाळले.

म्हणजे न्यायाधिकरणात जिंकल्यानंतरही या माणसांना जवळजवळ 22 वर्षे थांबावे लागले. थकलेले वेतन न्यायालयाने 2002 च्या निवाड्याच्या तारखेपासून देण्यास सांगितले. त्याआधीच्या वर्षांचा पगार मात्र त्यांना मिळणार नाही, आणि ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.